भाजलेल्या भाज्यांचं पोटभर सूप: ओटीजी, एअर फ्रायर, लोखंडी कढई की सरळ कुकर?

माझ्या मावसबहिणीचा मागच्या आठवड्यात फोन आला, ताई मी ओटीजी (म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन) घेऊ की एअर फ्रायर, एकच काहीतरी घ्यायचंय कारण ओटा एवढासा आहे. ठाण्याला नवराबायको दोघंच राहतात, घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात आणि थंडीत रात्री पोळीभाजीचा घाट घालायचा जीवावर येतं, म्हणून त्यांना भाजलेल्या भाज्यांचं चांगलं दाटसर सूप हवंय ज्याने जेवण झाल्यासारखं वाटेल. मी म्हटलं थांब, रविवारी करून बघते मग सांगते. माझ्याकडे ओटीजी बरीच वर्षं आहे, एअर फ्रायर शेजारच्या काकूंनी दिला एका दिवसासाठी, आईची लोखंडी कढई आहे आणि कुकर तर काय सगळ्यांकडेच असतो. एकच भाजी चार ठिकाणी भाजायची आणि चार वाट्या शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या.

मंडईतून साधारण २ किलो भाजी आणली आणि अर्ध्या अर्ध्या किलोचे ४ वाटे केले. प्रत्येक वाट्यात लाल भोपळा २०० ग्रॅम, टोमॅटो १५०, कांदा ७५, लाल गाजर ७५ आणि वर लसणाच्या ५-६ पाकळ्या सालासकट. तेल प्रत्येकी १ मोठा चमचा, घरातलं नेहमीचं शेंगदाणा तेल. ऑलिव्ह ऑइलच पाहिजे असं अजिबात नाही, लोक त्याच्यापायी हे सूप करायचंच टाळतात. पाणी, मीठ, मिरपूड चारही ठिकाणी सारखं.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. भाजीच्या अंगावर पाणी आहे तोपर्यंत ती १०० डिग्रीच्या वर तापत नाही, नुसती शिजते. वरचा भाग सुकला की मग तापमान चढतं आणि साधारण १४० च्या आसपास तो तपकिरी रंग आणि खमंग वास यायला लागतो. म्हणजे भाजी धुतल्यावर फडक्याने नीट पुसायची आणि पसरून एकाच थरात ठेवायची. ट्रेमध्ये भाजी गच्च भरली तर एकीची वाफ दुसरीला लागते आणि महागातल्या महाग ओव्हनमध्येसुद्धा उकडलेली भाजी मिळते. आपल्याला हे नवीन नाहीये खरं तर, वांगं कुकरमध्ये शिजवून कोणी भरीत करत नाही. जळगावकडे तर काड्यांवर भाजलेल्या वांग्याशिवाय भरीत म्हणतच नाहीत. सुपालाही तोच न्याय.

ओटीजीपासून सुरुवात केली. दोन्ही रॉड चालू, २०० डिग्री, १० मिनिटं आधी तापवून घेतला, ट्रेवर बटर पेपर न घालता तेलाचा हात फिरवून भाजी पसरली. मधे २० मिनिटांनी एकदा हलवली, एकूण ४० मिनिटं लागली. भोपळ्याच्या कडा गडद तपकिरी, आतून लोण्यासारखा मऊ, कांद्याच्या पाकळ्या सुट्या होऊन टोकांना काळपट, टोमॅटो आटून त्याचा जवळजवळ मुरंबा झालेला. बटर पेपर मी मुद्दाम घातला नाही, कारण ट्रेला जे चिकटतं तेच खरं सोनं आहे, बाहेर काढल्या काढल्या अर्धी वाटी गरम पाणी ओतायचं, लाकडी चमच्याने खरवडायचं आणि ते तपकिरी पाणी सुपात घालायचं, भाज्या उकळून वेगळा स्टॉक करायची गरजच उरत नाही. ट्रेही अर्धा धुतला जातो.

ओटीजीचा मोठा फायदा म्हणजे जागा. एका ट्रेवर किलोभर भाजी आरामात पसरते, म्हणजे चौघांचं जेवण एका खेपेत, आणि त्या ४० मिनिटांत तुम्ही आंघोळ करा, मुलांचा अभ्यास घ्या, काहीही करा. तोटा अर्थातच वेळ, तापवण्यासकट ५० मिनिटं धरा. विजेची भीती सगळ्यांना वाटते पण १५०० वॅटचा ओटीजी अख्खा तासभर सलग चालला तरी दीड युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट मधे मधे बंद होतो त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

एअर फ्रायरबद्दल माझं मत थोडं वाईटच होतं आधी, ते रविवारी बदललं. १८० डिग्री, २० मिनिटं, मधे एकदा बास्केट हलवली. गाजर आणि कांदा तर ओटीजीपेक्षा छान झाले, कडा कुरकुरीत आणि गोड, कारण आतला पंखा गरम हवा जोरात फिरवतो आणि वरचं पाणी पटकन उडतं. टोमॅटो मात्र जमला नाही म्हणावं लागेल, त्याचा रस जाळीतून खाली गळून गेला आणि वर साल आणि बिया राहिल्या. दुसऱ्यांदा मी टोमॅटोच्या फोडी एका छोट्या केकच्या भांड्यात घालून तेच भांडं बास्केटमध्ये ठेवलं, मग रस राहिला आणि आटलाही. लसूण तेल लावून फॉइलमध्ये गुंडाळून घालायचा, सुटा टाकला तर करपून कडू होतो.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. ४ लिटरच्या बास्केटमध्ये एका थरात अर्धा किलोच भाजी मावते, फार तर थोडी जास्त. दोघांना ठीक. आमच्याकडे पाच माणसं, मग दोन-तीन खेपा, पहिली भाजी गार होईस्तोवर तिसरी चालू, म्हणजे वेळ वाचला कुठे. लोक काय करतात बास्केट गच्च भरतात आणि मग म्हणतात याच्यात काही चव येत नाही.

आता कढई. माझ्या आईने ओव्हन कधी वापरला नाही पण तिच्या हातची भाजलेली भाजी खाल्लीये मी, त्यामुळे हिच्याकडून मला अपेक्षा होत्या आणि तिने त्या पुऱ्या केल्या, फक्त उभं राहावं लागतं. कढई चांगली तापवायची, तेल, मग आधी भोपळा आणि गाजर, एकेका बाजूला ४-५ मिनिटं अजिबात हलवायचं नाही. सारखं उलथनं फिरवायची सवय असते आपल्याला, पण हलवत राहिलं की डाग पडत नाहीत. मग कांदा, शेवटी लसूण. फोडी मोठ्या असतील तर वरून भाजतात आणि आत कच्च्या राहतात, म्हणून पाऊण इंचाच्याच करायच्या आणि डाग पडल्यावर ५ मिनिटं झाकण ठेवायचं. एकूण २५ मिनिटं गॅसपाशी. बिडाचा तवा असेल तर त्याच्यावरही असंच होतं. नॉनस्टिक नको, एवढ्या आचेला ते वापरायचंच नसतं.

टोमॅटो लोखंडी कढईत घालू नका पण. आंबट असल्यामुळे लोखंडाची चव उतरते आणि रंगही काळपट येतो, मी एकदा केलंय आणि अख्खं पातेलं सूप कोणी प्यायलं नाही. टोमॅटो थेट गॅसवर जाळी ठेवून भाजायचे, सांडशीने फिरवत ७-८ मिनिटं, साल काळी पडून फुटेपर्यंत. ढोबळी मिरची घालणार असाल तर तीही अशीच, मग १० मिनिटं वाडग्याखाली झाकायची म्हणजे साल आपोआप सुटते. ती साल नळाखाली धरून काढू नका, धुराची चव पाण्याबरोबर मोरीत जाते. हाताने पुसून काढा, थोडे काळे कण राहिले तर राहू देत. जाळीवरचे टोमॅटो मात्र बर्नरवर गळतात, लगेच पुसलं नाही तर भोकं बुजतात.

या धुराच्या चवीची बरोबरी ओटीजी आणि एअर फ्रायर दोघांनाही करता येत नाही. चारही वाट्या ठेवल्या तेव्हा सासूबाईंनी न विचारता कढईवाली उचलली, म्हणाल्या हे आपलं वाटतंय.

कुकरबद्दल फार लिहायला नको. आत तापमान १२० च्या आसपास जातं पण सगळीकडे वाफ, त्यामुळे रंग येणारच नाही. ३ शिट्ट्या, गोडसर, मऊ, ताप आलेल्या माणसाला द्यायला उत्तम सूप झालं, पण ते भाजलेल्या भाज्यांचं सूप नव्हे. फ्लॉवर किंवा कोबी असेल तर कुकर नकोच, तो उग्र वास सगळ्या घरात भरतो, तोच फ्लॉवर भाजला तर शेंगदाण्यासारखा खमंग लागतो. कुकर ठेवा डाळीसाठी, त्याच्याकडे येतेच आता.

कारण नुसत्या भाज्यांचं सूप कितीही छान भाजलं तरी तासाभरात भूक लागते. पोटभर व्हायचं तर त्यात काहीतरी वजनदार पाहिजे आणि इथेही निवड करावी लागते. मी सगळ्यात वर मसूर डाळ ठेवते, दोघांसाठी पाव वाटी, कुकरला २-३ शिट्ट्या आणि भाजीबरोबर वाटून टाकायची, दाटपणा येतो, प्रथिनं येतात आणि भोपळ्याचा रंग बिघडत नाही. मूगडाळही चालते पण मग चव खिचडीकडे झुकते. ज्वारीचं पीठ १ चमचा पाण्यात कालवून उकळत्या सुपात घातलं की मस्त दाट होतं, मात्र ५-६ मिनिटं उकळायलाच हवं नाहीतर कच्चट लागतं. बटाटा घालायचा तर मिक्सरमध्ये नको, तो फिरवला की चिकट खळीसारखा होतो, रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने मोडून वरून घाला. कॉर्नफ्लोअर मला पटत नाही, हॉटेलसारखी चकाकी येते आणि पोटात काही नाही. क्रीम तर नकोच, एवढं भाजून मिळवलेली चव ते दाबून टाकतं.

वाटण्याचंही थोडं बघा, इथे घाई केली की भाजतं. गरम सूप मिक्सरच्या भांड्यात भरून झाकण लावलं आणि बटण दाबलं की वाफेने झाकण उडतं आणि सूप अंगावर. भाज्या कोमट होऊ द्या, भांडं अर्धंच भरा. हँड ब्लेंडर असेल तर पातेल्यातच फिरवा. मी अगदी गुळगुळीत करत नाही, एक मूठ भाजलेल्या फोडी बाजूला काढून शेवटी तशाच घालते, चावायला काही असलं की सूप प्यायल्यापेक्षा जेवल्यासारखं वाटतं. वरून तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण, लिंबू, आणि शिळी ज्वारीची भाकरी असेल तर तिचे तुकडे तुपात कुरकुरीत करून. ब्रेडपेक्षा हे केव्हाही चांगलं, सुपात पडूनही लवकर मऊ पडत नाहीत. बीट घालायचं तर थोडंच, नाहीतर बाकी कशाचा रंगही दिसत नाही आणि चवही नाही.

ज्यांच्याकडे कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह पडून आहे त्यांनी तर काही विकत घेऊच नका. कन्व्हेक्शन मोडवर तो ओव्हनच असतो, २०० डिग्रीला ओटीजीसारखंच भाजून निघतं. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर मात्र फक्त भाजीतलं पाणी उकळतं, भाजणं होत नाही, आणि धातूचा ट्रे त्या मोडवर चुकूनही ठेवू नका.

तर मावसबहिणीला मी काय सांगितलं. चवीत चारांमध्ये ओटीजी आणि कढई माझ्या मते पुढे, एअर फ्रायर अगदी थोडा मागे, तोही टोमॅटोमुळे. पण तुम्ही दोघंच आहात, साडेआठला घरी येता, तेव्हा ५० मिनिटं थांबायला कोणाला जमणार, तुला एअर फ्रायर. बास्केट मात्र ४ लिटरच्या खाली घेऊ नकोस आणि गोलपेक्षा चौकोनी बघ, तिच्यात भाजी जास्त पसरते. पुढेमागे केक, बिस्किटं, नानकटाई करायची हौस असेल, किंवा सासूसासरे राहायला येणार असतील तर मग ओटीजी, आणि रविवारी दोन ट्रे भाजून ठेवायचे. भाजलेली भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ३ दिवस छान राहते, संध्याकाळी फक्त डाळ शिजवायची आणि वाटायचं.

आणि पैसे भरायच्या आधी दोन आठवडे कढई आणि जाळीवर करून बघ म्हटलं. हे सूप तुम्हाला खरंच आठवड्यातून दोनदा हवंय का की थंडीपुरती हौस आहे ते तेवढ्यात कळेल. तिच्याकडे लोखंडी कढई नव्हती, तर आईची मी तिला पाठवून दिलीये, पहिल्या दिवशी भोपळा पाव किलोच घे आणि गॅससमोरून हलू नकोस असंही सांगितलंय.