सोलरच्या पाइपला काळी नायट्राईलची नळी: एक हिवाळा, एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यावर

परभणीत पाइपातल्या पाण्याचा बर्फ होत नाही, तरी पाइपला पांघरूण घालायचं कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा हीटर आहे. टाकीपासून खालच्या मोरीपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीच्या प्लॅस्टिकचा) पाइप येतो, गच्चीवर आडवा आणि मग भिंतीवरून खाली, साधारण अठरा मीटर. दिवाळीच्या आधी या सगळ्या पाइपवर 13 मिलिमीटर जाडीची नायट्राईल रबरची, स्पंजसारखी, ऊब धरून ठेवणारी नळी चढवली. तिचा अनुभव सविस्तर लिहितोय, कारण दुकानात याबद्दल धड कुणी सांगत नाही आणि सोलर बसवणारे पाइपला काही गुंडाळलं तर गुंडाळलं, नाही तर तसाच सोडून जातात.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. इथल्या कृषी विद्यापीठात नोंदलेला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा पहाटे उघडा पाइप वाऱ्यावर असतो. टाकीतलं पाणी रात्रभर चांगलं गरम राहतं, कारण टाकीला जाड इन्सुलेशन असतं. पण पाइपातलं पाणी थंडगार होतं आणि नळ सोडला की आधी तेच येतं. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी मावतं. अठरा मीटरचे झाले साडेचार लिटर. म्हणजे गरम पाणी येईपर्यंत लहान बादलीभर पाणी सोडून द्यायचं आणि आंघोळींमध्ये अंतर पडलं की दर वेळी सोडायचं. ज्या घरी नळ रोज येत नाही, तिथे हे पाणी जाताना बघवत नाही. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते इथल्या कुठल्याच घराला विसरता येणार नाही. माझ्यासाठी या नळीची खरी परीक्षा हीच होती: बादली वाचते की नाही.

उत्तर असं, की पहिली बादली वाचत नाही, पुढच्या वाचतात.

वडील पहाटे शेतात निघायच्या आधी आंघोळ करतात. त्यांच्या वेळी पाइप थंडच असतो, नळी असो वा नसो. गोधडी स्वतः ऊब देत नाही, अंगातली ऊब धरून ठेवते, तसंच हिचं आहे. पाइपात पाणीच एवढं थोडं, की दोन-तीन तासांत त्यातली ऊब निघून जाते. 13 ऐवजी 25 मिलिमीटरची नळी घातली तरी रात्र निघणार नाही, थोडा वेळ वाढेल इतकंच. "रात्रभर पाइप गरम राहील" असं कुणी दुकानदार सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

फरक पडतो तो त्यानंतर. वडिलांची आंघोळ झाली, मग अर्ध्या तासाने मुलं शाळेसाठी, मग बायको, मग मी. उघडा पाइप असताना अर्ध्या तासात पाणी गार होऊन जायचं आणि प्रत्येक जण आपापली बादली आधी मोरीत सोडायचा. आता अर्ध्या तासाने नळ सोडला तर लगेच आंघोळीजोगं पाणी येतं. तासाभराचं अंतर पडलं तर कोमट येतं, पण तेही विसणाला चालतं, फेकावं लागत नाही. सकाळच्या तीन खेपा वाचल्या तर बारा-तेरा लिटर पाणी रोजचं वाचलं. ढगाळ दिवशी टाकीच अर्धी तापलेली असते, तेव्हा हा फरक जास्त जाणवतो. आधी अशा दिवशी इलेक्ट्रिक गिझर लावावा लागायचा, या हिवाळ्यात तो क्वचित लागला.

आता वस्तूबद्दल. बाजारात दोन प्रकार मिळतात. पांढरी किंवा करडी फोमची नळी स्वस्त असते आणि काळी नायट्राईलची महाग. सोलरच्या गरम लाइनला फोमची घेऊ नका. मे महिन्यात आमच्याकडे पाणी वापरलं नाही तर टाकीतून निघणारं पाणी हात भाजेल इतकं तापतं. फोम त्या उष्णतेने आक्रसतो आणि बाहेरून उन्हाने त्याचा भुगा होतो. शेजाऱ्यांच्या गच्चीवर सोलरवाल्याने घातलेला फोम असाच पहिल्याच उन्हाळ्यानंतर पापुद्रे सुटून खाली पडत होता. नायट्राईल उष्णता आरामात सोसतं. त्यातली छिद्रं बंद असतात, त्यामुळे ते पाणीही पीत नाही.

घेताना आतला व्यास नीट बघा. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 22 मिलिमीटर असतो, एक इंचीचा 28. नळी ढिली बसली तर आतून वारा खेळतो आणि निम्मा फायदा जातो. पाइप आधीच बसवलेला असेल तर नळी लांबीत चिरून चढवता येते, पाइप कापावा लागत नाही. चिरलेली फट रबराच्या सोल्यूशनने चिकटवायची आणि ती खालच्या बाजूला ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी आत झिरपत नाही. एल्बोवर, म्हणजे पाइपच्या काटकोनी जोडावर, नळी वाकवून दाबू नये. पंचेचाळीस अंशात दोन तुकडे कापून काटकोनात जोडावेत. टाकीवरच्या हवेच्या पाइपाचं तोंड मात्र उघडंच राहिलं पाहिजे. तिथे टेप मारणं धोक्याचं आहे.

नायट्राईलचा खरा शत्रू ऊन, आणि मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. उघडी ठेवली तर ही नळी वरून कडक होते, भेगाळते. दुकानदाराने वर गुंडाळायला ॲल्युमिनियमची चमकती टेप दिली होती. हिवाळाभर ती छान राहिली. मार्चपासून तिचा गोंद वाळायला लागला, एप्रिलमध्ये कडा उचलल्या आणि मग वानरांना खेळच मिळाला. सोललेल्या जागी खारींनी नळी कुरतडून भुगा नेला, बहुतेक घरट्यासाठी.

दुसरी गोष्ट उन्हाळ्यात लक्षात आली. सीपीव्हीसी तापलं की लांबतं. दहा मीटरचा पाइप पन्नास अंशांनी तापला तर तीन सेंटिमीटरच्या पुढे वाढतो आणि रात्री परत आक्रसतो. रोजच्या या मागेपुढे होण्याने दोन नळ्यांमधले सांधे उघडे पडले, बोटभर पाइप दिसायला लागला. म्हणून नळ्या ताणून बसवू नयेत, उलट थोड्या दाबून एकमेकींना भिडवाव्यात. क्लॅम्पही आवळून टाकू नये, पाइपला सरकायला जागा हवी.

टेपवर तोड वडिलांनी काढली आणि ती बाजारातल्या कुठल्याही मालापेक्षा सरस निघाली. शेतात 63 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडून होते. नळीसकट आमच्या लाइनची जाडी 48 मिलिमीटर होते, म्हणजे 63च्या पाइपात ती आरामात बसते. ते तुकडे करवतीने लांबीत चिरले, फाकवून वरून चढवले आणि हात-हात अंतरावर बांधणीच्या तारेने बांधले. वानरं, खारी, ऊन, सगळं थांबलं. जूनच्या वळवाच्या पावसातही आत पाणी शिरलं नाही. ज्यांचं शेत आहे त्यांच्याकडे असे तुकडे असतातच. नसतील तर भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात.

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनलाही उरलेली नळी घातली होती, मे महिन्यात दुपारी नळाला चटका देणारं पाणी येऊ नये म्हणून. तिथे फारसा उपयोग झाला नाही. पहिले चार तांबे थोडे बरे येतात, मग टाकीतलंच तापलेलं पाणी येतं. त्यासाठी टाकीवर सावली करणं भाग आहे. थंड लाइनवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

भाचा सैन्यात आहे, लेहला. त्याला फोटो पाठवले तर त्याने हीच काळी नळी ओळखली. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली पंधरा अंश आणि आणखीही उतरतो. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बंद पाइप फुटतो. तिथेही नळी एकटी पुरत नाही, कारण उभं पाणी उशिरा का होईना गोठतंच. म्हणून रात्री लाइन रिकामी करतात किंवा नळ बारीक धारेने चालू ठेवतात. नळी वेळ मिळवून देते, ऊब तयार करत नाही, हे तिकडचं गणित आमच्या मोरीतल्यासारखंच आहे.

या दिवाळीआधी एकच काम करणार आहे. सोलरपासून मोरीपर्यंतचा पाइप गच्चीला वळसा घालून येतो, तो सरळ स्लॅबमधून खाली उतरवला तर सहा-सात मीटर लांबी कमी होते आणि पहाटेची पहिली बादलीही दीड-पावणेदोन लिटरने कमी होते. नवीन घर बांधणाऱ्यांनी सोलर मोरीच्या बरोबर वर येईल अशीच जागा ठरवावी, आणि नळी पाइप टाकतानाच चढवून घ्यावी, तेव्हा चिरावीही लागत नाही.