दसऱ्याला टीम धरायची तर कुठली?

गेल्या रविवारी, ६ ऑक्टोबर २०२४ला, एक दुर्मीळ योग जुळून आला. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधली, आमच्या व्हायकिंग्जची जेट्सशी मॅच लंडनला होती. म्हणजे इथे मिनेसोटात सकाळचे साडेआठ आणि डोंबिवलीत संध्याकाळचे सात. मी नवरात्रातली साबुदाण्याची खिचडी घेऊन टीव्हीसमोर, भाचा तिकडे लॅपटॉपसमोर, आणि मध्ये व्हॉट्सॲपचा कॉल तीन तास चालू. व्हायकिंग्ज २३-१७ने जिंकले. पाचपैकी पाच. भाच्याने लगेच जाहीर केलं, "मामा, ठरलं. मीपण व्हायकिंग्जच धरतो. दसऱ्याला जर्सी ऑर्डर करून टाकतो."

मी म्हटलं, थांब रे बाबा.

स्वतःच्या टीमबद्दल असं बोलायला जिवावर येतं, पण मी इथे २००२ सालापासून आहे. २००३मध्ये व्हायकिंग्ज सहापैकी सहा जिंकले होते. शेवटच्या रविवारी ॲरिझोनाने घड्याळ संपता संपता टचडाऊन केलं, म्हणजे बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेला, आणि आम्ही प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) बाहेर. २०१६मध्ये पाचपैकी पाच, मग विश्रांतीचा आठवडा, आणि सीझनच्या शेवटी ८-८, म्हणजे आठ जिंकले, आठ हरले. यंदाही पाचपैकी पाच, आणि यंदाही सहाव्या आठवड्यातच विश्रांती. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताक फुंकणारच.

तर भाच्याच्या निमित्ताने, आणि नव्याने एनएफएल बघायला लागून टीम शोधणाऱ्या सगळ्यांसाठी, हा हिशेब मांडतोय. ३२ टीम, प्रत्येकीच्या १७ मॅच, त्यातल्या १४ टीम प्लेऑफमध्ये. पाच आठवड्यांचा रेकॉर्ड म्हणजे घटक चाचणीचे मार्क. किती मिळाले यापेक्षा पेपर कोणी काढला होता आणि कुठलं उत्तर ठोकून दिलं होतं, ते बघायचं.

सुरुवात कॅन्सस सिटीचे चीफ्स आणि बॉल्टिमोरचे रेव्हन्स यांच्यापासून करू, कारण यंदाचा सीझनच त्यांच्या मॅचने सुरू झाला. चीफ्स २७-२०ने पुढे, वेळ संपलेली, रेव्हन्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) लमार जॅक्सनने शेवटचा पास एंड झोनच्या मागच्या टोकाला फेकला आणि आयझेया लाइकलीने तो पकडला. अंपायरने टचडाऊन दिलं. रिप्लेत दिसलं की लाइकलीच्या बुटाचं टोक मागच्या पांढऱ्या रेषेवर पडलंय. टचडाऊन रद्द, चीफ्स जिंकले. त्या एका बुटापासून दोन्ही टीमच्या वाटा फुटल्या. चीफ्स आज ५-०, रेव्हन्स ३-२. नवा माणूस हे आकडे बघून डोळे मिटून चीफ्स घेईल.

आता चीफ्सचे विजय जवळून बघा. पहिला सात पॉइंटने. दुसरा सिनसिनाटीवर एका पॉइंटने, तोही चौथ्या डाऊनला (बॉल पुढे न्यायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या) १६ यार्ड हवे असताना समोरच्याची पेनल्टी मिळाली आणि हॅरिसन बटकरने ५१ यार्डावरून किक मारली म्हणून. तिसरा अटलांटावर पाचने, चौथा चार्जर्सवर सातने. परवाच्या सोमवारी सेंट्सना २६-१३ने हरवलं, तोच काय तो सुटसुटीत. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचे पाच मॅचमध्ये सहा टचडाऊन पास आणि सहा इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने पकडलेले पास. पास पकडणाऱ्या ट्रॅव्हिस केल्सीचं अजून एकही टचडाऊन नाही. धावणारा पचेको पाय मोडून बसलाय. रशी राइसचा गुडघा गेला तो तर कहरच. माहोम्सचा पास समोरच्याने पकडला, त्याला पाडायला माहोम्स धावला आणि आपल्याच राइसच्या पायावर जाऊन आदळला.

तरी ते जिंकतात. प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलोचा डिफेन्स शेवटच्या दोन मिनिटांत कुलूप लावतो. अटलांटाला चौथ्या डाऊनला हातभर जागा हवी होती, तीही दिली नाही. लागोपाठ दोन सुपर बोल (एनएफएलच्या अंतिम मॅच) जिंकलेली टीम आहे ही, आणि तिसराही जिंकला तर असं करणारी पहिलीच ठरेल. कुणी म्हणतं नशीब. मला ती सवय वाटते. पण खरं सांगू? चीफ्सच्या मॅच बघणं म्हणजे हुशार पोराला दर वेळी काठावर पास होताना बघणं. निकाल चांगला, करमणूक बेताची. शिवाय आत्ता चीफ्स धरलेस तर लोक म्हणणार, जिंकणाऱ्याच्या मागे लागला. ते ऐकून घ्यायची तयारी हवी.

रेव्हन्सचं बरोबर उलटं. हरले तेही काठावर, जिंकले तेही जीव टांगणीला लावून. रेडर्सविरुद्ध घरच्या मैदानावर चौथ्या क्वार्टरमध्ये दहाने पुढे होते, हरले २६-२३. डॅलसविरुद्ध २८-६ होते, मॅच संपली २८-२५वर. पण मधल्या बफेलोच्या मॅचमध्ये पहिल्याच प्लेला त्यांचा धावणारा डेरिक हेन्रीने बॉल घेतला आणि ८७ यार्ड सरळ एंड झोनपर्यंत. हा माणूस सहा फूट तीन इंच, वजन ११० किलोच्या पुढे, आणि एकदा वेग पकडला की मागून येणारे नुसते अंतर मोजतात. ३५-१०. तोपर्यंत बफेलो तीनपैकी तीन जिंकून आले होते.

आणि गेल्या रविवारची सिनसिनाटीची मॅच. चौथ्या क्वार्टरमध्ये दहाने मागे. जॅक्सनच्या हातून स्नॅप (प्ले सुरू करताना मागे दिलेला बॉल) सुटला, बॉल जमिनीवर, तो उचलेपर्यंत सिनसिनाटीचा सॅम हबर्ड अंगावर आलेला. एका हाताने त्याला ढकलून दिलं, उजवीकडे पळत पळत एंड झोनमध्ये पास, आणि तिथे तोच लाइकली, या वेळी पाय आत. ओव्हरटाइममध्ये ४१-३८. मी ती प्ले अकरा वेळा बघितली असेल. बायको म्हणाली, निकाल बदलणार आहे का आता? जॅक्सन दोन वेळचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आहे आणि हेन्री सोबत आल्यापासून समोरच्या डिफेन्सला काय अडवावं हेच कळेनासं झालंय. अडचण मागच्या फळीत. सिनसिनाटीच्या जो बरोने त्याच मॅचमध्ये पाच टचडाऊन पास फेकले. पास अडवता आले नाहीत तर जानेवारीत हीच टीम रडवणार.

मला विचाराल तर या क्षणी ३-२वाले रेव्हन्स ५-०वाल्या चीफ्सपेक्षा चांगलं फुटबॉल खेळतायत. तरीही दोघांची जानेवारीत गाठ पडली तर पैज मी चीफ्सवर लावीन. ही विसंगती आहे, मला माहीत आहे.

आता आमचं घरचं भांडण, व्हायकिंग्ज की डेट्रॉइटचे लायन्स. दोघंही एनएफसी नॉर्थमध्ये. या गटातल्या चारही टीम आज हरण्यापेक्षा जास्त जिंकलेल्या आहेत, म्हणजे पुढचा रस्ता दोघांनाही चढाचाच.

व्हायकिंग्जचं यश दोन गोष्टींत आहे. एक, सॅम डार्नल्ड. नवा क्वार्टरबॅक म्हणून घेतलेल्या जे. जे. मॅकार्थीचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला, सीझन संपला, आणि एक वर्षाच्या करारावर आणलेल्या डार्नल्डच्या हाती गाडी आली. २०१८ला जेट्सने तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा. पुढच्या वर्षी एका मॅचमध्ये 'मला भुतं दिसतायत' असं तो बोलला, मायक्रोफोनने ते पकडलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. यंदा सॅन फ्रान्सिस्कोच्या ४९र्सविरुद्ध जस्टिन जेफरसनला त्याने ९७ यार्डांचं टचडाऊन दिलं आणि मी सोफ्यावरून पडायचा बाकी होतो.

दुसरी गोष्ट, प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेसचा डिफेन्स. नव्या प्रेक्षकाने एकदा तरी बॉल सोडून नुसता हाच बघावा. सहा-सात जण रेषेवर येऊन उभे राहतात, जणू सगळेच क्वार्टरबॅकवर तुटून पडणार. स्नॅप झाला की त्यातले दोघं-तिघं गुपचूप मागे सरकतात आणि येतो तो भलतीकडूनच. समोरच्याकडे विचाराला धड तीन सेकंदही नसतात. लंडनमध्ये जेट्सच्या ॲरन रॉजर्ससारख्या मुरलेल्या माणसाला अँड्र्यू व्हॅन गिंकलने असंच फसवलं. अंगावर येतोय असं दाखवलं, जागीच थांबला, पास हवेतून अलगद घेतला आणि ६३ यार्ड पळत सुटला. रॉजर्सचे त्या दिवशी तीन पास आम्ही पकडले. दोन दिवसांनी जेट्सने प्रशिक्षक रॉबर्ट सालाह यांना काढून टाकलं.

मग घोडं अडतं कुठे? त्याच मॅचमध्ये डार्नल्डचे ३१पैकी १४च पास लागले, एकही टचडाऊन नाही. १७-०वरून शेवटी धाप लागली. त्याच्या आधीच्या आठवड्यात ग्रीन बेविरुद्ध २८-० होते आणि मॅच सुटली ३१-२९ने. आमचा धावणारा ॲरन जोन्स कंबर धरून बाहेर गेला. दर रविवारी डिफेन्सनेच जिंकून द्यायचं हे सतरा मॅच चालत नाही.

लायन्स ३-१, गेल्या आठवड्यात सुट्टीवर. ते हरले ती टॅम्पा बेची मॅच बघितली तर आश्चर्य वाटेल. मैदानभर वर्चस्व यांचं, पण एंड झोनच्या तोंडाशी जाऊन दर वेळी अडकले, २०-१६. एडन हचिन्सनने त्या एकाच मॅचमध्ये साडेचार सॅक (पास फेकायच्या आतच क्वार्टरबॅकला पाडणं) काढले, तरी हरले. पण मग सिॲटलविरुद्ध क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने १८ पास फेकले आणि अठराच्या अठरा पूर्ण झाले. इतके पास फेकून एकही न चुकण्याचा हा एनएफएलचा विक्रम. वर त्याच मॅचमध्ये आमोन-रा सेंट ब्राउनने फेकलेला पास गॉफने स्वतः पकडून टचडाऊनही केलं. जाहमीर गिब्स आणि डेव्हिड माँटगोमेरी असे दोन धावणारे, समोर भिंतीसारखी ओळ, आणि डॅन कॅम्पबेलसारखा प्रशिक्षक, जो चौथ्या डाऊनला किक मारायचं सोडून पुढे जायचा हुकूम देतो. गेल्या जानेवारीत याच हट्टापायी हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात. ४९र्सविरुद्ध अर्ध्यावर २४-७ पुढे होते आणि ३४-३१ने हरले. १९५७नंतर विजेतेपद नाही, सुपर बोल तर कधी खेळलेच नाहीत, २००८मध्ये सोळाच्या सोळा मॅच हरले. दुःखाच्या बाबतीत आम्हा व्हायकिंग्जवाल्यांना मान खाली घालायला लावतील असे हे एकटेच.

बाकीच्यांचं पटकन. ४९र्स २-३, त्यांचा धावणारा मॅकॅफ्री टाचेच्या दुखण्याने अजून उतरलेलाच नाही. सध्या नको. बफेलो सलग दोन हरले आणि ह्यूस्टनमध्ये जॉश ॲलनचे ३०पैकी ९ पास लागले, थोडं थांबून बघा. ह्यूस्टन ४-१, पण व्हायकिंग्जने त्यांना ३४-७ धुतलंय, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही.

उरली वॉशिंग्टन, आणि भाच्याला मी खरं तर इकडे ढकलतोय. मालक गेल्या वर्षी बदलला, यंदा प्रशिक्षक बदलला, क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स २३ वर्षांचा, म्हणजे भाच्याच्याच वयाचा. पहिल्या मॅचला टॅम्पा बेकडून ३७-२० मार खाल्ला. दुसऱ्या मॅचमध्ये एकही टचडाऊन नाही, ऑस्टिन सायबर्टच्या सात किकांवर जायंट्सना २१-१८ने हरवलं. मग सिनसिनाटीत डॅनियल्सचे २३पैकी २१ पास लागले आणि वॉशिंग्टनला अख्ख्या मॅचमध्ये एकदाही पंट करावा (लाथ मारून बॉल समोरच्याला देऊन टाकावा) लागला नाही. आज ४-१. डिफेन्स गळका आहे आणि हरवलेल्या टीमही फार दांडग्या नाहीत, हे मान्य. सुपर बोल यंदा बहुधा नाहीच. पण पोरगा पुढची दहा वर्षं खेळणार, आणि त्याच्या पहिल्या वर्षापासून सोबत असण्याची मजा चीफ्स घेऊन मिळणार नाही.

भारतातून बघणाऱ्याने वेळेचाही विचार करावा. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या घड्याळात दुपारी १ला सुरू होणारी मॅच तिकडे रविवारी रात्री साडेदहाला लागते, ४:२५ची मध्यरात्रीनंतर दोनला पाच कमी असताना, आणि रात्री ८:२०ची सोमवारी पहाटे ५:५०ला. ३ नोव्हेंबरला इथली घड्याळं मागे गेली की सगळं आणखी एक तास पुढे सरकेल. चीफ्सच्या मॅच टीव्हीवाल्यांना रात्री हव्या असतात, म्हणजे सोमवारी ऑफिसच्या आधी अलार्म लावून उठणं आलं. लायन्स दर थँक्सगिव्हिंगला घरी खेळतात, यंदा २८ नोव्हेंबर, तुमच्याकडे गुरुवारी रात्री अकराला.

जिंकायचंच असेल तर आज सगळ्यात भरीव टीम डेट्रॉइट. २० तारखेला ते इथे मिनियापोलिसला येतायत, तेव्हा काय ते कळेलच. डोळ्यांना सुख हवं असेल तर बॉल्टिमोर. पोरगा मोठा होताना बघायचा असेल तर वॉशिंग्टन. व्हायकिंग्ज धरू नकोस असं मी भाच्याला तीनदा सांगितलंय. घरात एक माणूस पुरे.

जर्सीची ऑर्डर त्याने तूर्त थांबवली आहे. शनिवारी दसरा, आणि रविवारी रात्री साडेदहाला वॉशिंग्टन विरुद्ध बॉल्टिमोर, दोन्ही उमेदवार समोरासमोर. व्हायकिंग्जला सुट्टी आहे, तेव्हा मॅच चालू असतानाही मी फोन उचलेन.