डिस्नीच्या हॉटेलात फक्त जेवायला जाताना पार्किंग: सात महिन्यांचा अनुभव

आम्ही टँपाजवळ राहतो, ऑरलँडो म्हटलं की आय-फोरवरून सव्वा-दीड तास, ट्रॅफिक लागला तर विचारू नका. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा नाशिकहून आले. दोघांनाही राइड्समध्ये काडीचा रस नाही, आईचा गुडघा दुखतो, आणि माणशी शंभर डॉलरच्या वरचं तिकीट काढून उन्हात रांगेत उभं करायचं हे मलाच पटत नव्हतं. तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं की डिस्नीच्या पार्कात कशाला जाता, त्यांच्या हॉटेलात जेवायला न्या. तेव्हापासून महिन्यातून एक-दोन वेळा जातोय, साधारण दहा-बारा फेऱ्या झाल्या, त्यावरून लिहितेय, कारण पार्किंगबद्दल नवीन लोकांच्या मनात फार गोंधळ असतो.

पहिली गोष्ट, डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत टेबल बुक केलेलं असेल तर सेल्फ पार्किंग, म्हणजे गाडी आपण स्वतः लावणं, फुकट आहे. पार्कच्या पार्किंगला दिवसाला ३० डॉलर तरी जातात, त्या हिशोबाने हे मोठंच आहे. व्हॅले केलंत, म्हणजे गाडी त्यांच्या माणसाला लावायला दिलीत, तर त्याचे पैसे वेगळे. जुनं काहीतरी वाचून लोक घाबरतात, ते असं की २०१८ च्या मार्चपासून हॉटेलात मुक्कामाला राहणाऱ्यांना रात्रीच्या पार्किंगचे पैसे लावले होते, ते जानेवारी २०२३ मध्ये बंद केले. नुसतं जेवायला येणाऱ्यांना ते तेव्हाही नव्हते.

गेटवर काय होतं तर सिक्युरिटीवाला लायसन्स मागतो, कुठे जेवायला चाललात आणि किती वाजताचं बुकिंग हे विचारतो, बस. बुकिंग बहुतेक वेळा माझ्या नवऱ्याच्या नावावर असतं आणि गाडी मी चालवते, त्यामुळे पहिल्यांदा माझी जरा तारांबळ उडाली, फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर आईच्या पायाशी, मागे चार गाड्या. आता निघतानाच ॲपवरच्या बुकिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवते आणि ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याला पुढच्या सीटवर बसवते.

खरी कडक तपासणी कंटेम्पररी या हॉटेलाला. तिथून डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कच्या दारापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. ज्यांनी पार्कात गाडी लावली त्यांना आधी लांबच्या ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला उतरून मोनोरेल नाहीतर फेरी घ्यावी लागते. मग लोक काय करतात, खोटंच नाश्त्याचं नाव सांगतात, गाडी कंटेम्पररीत लावतात आणि दिवसभर पार्कात. म्हणून तिथे गर्दीच्या दिवसांत बुकिंग नसेल तर सरळ परत पाठवतात, खाली काउंटरवर काहीतरी खाऊ म्हटलं तरी भरवसा नाही. जेवायला आलेल्यांच्या गाड्यांना कधीकधी तीन तासांची चिठ्ठी देतात, ती डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवायची. बोर्डवॉक, बीच क्लब, यॉट क्लब या हॉटेलांचंही तसंच, कारण तिथून एपकॉट या दुसऱ्या पार्कात चालत जाता येतं. मला ही तपासणी अजिबात जाचक वाटत नाही. उलट मनापासून सांगते, कृपा करून पार्कसाठी तिथे गाडी लावू नका. अशा गाड्या वाढल्या की नियम आवळले जातात आणि मग गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन खरोखर जेवायला आलेल्यांची पंचाईत होते.

कंटेम्पररीला जेवण झाल्यावर आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. १९७१ पासूनचं हॉटेल, मोनोरेल चक्क इमारतीच्या पोटातून जाते, बाबा कितीतरी वेळ कठड्याला धरून ते बघत होते. तिथे डिस्नीची चित्रकार मेरी ब्लेअर हिचं नव्वद फुटी टाइल्सचं म्युरल आहे आणि त्यात एक पाच पायांची बकरी आहे, माझ्या लेकाने ती शोधून आजीला पाय मोजून दाखवले. मोनोरेलला तिकीट लागत नाही, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन या हॉटेलांवरून एक फेरा मारून परत आलो. तीन तासांत हे सगळं बसतं, फक्त जेवणाची वेळ दुपारची घ्या, संध्याकाळी आतषबाजीच्या आधी तिकडच्या रस्त्यावर फार गाड्या असतात.

आमचं सगळ्यात लाडकं मात्र ॲनिमल किंगडम लॉज. तिथून जवळच्या पार्कात चालत जाता येत नाही, त्यामुळे गेटवरचं वातावरणही निवांत. इथे माझी एक चूक झाली ती तुम्ही करू नका. लॉजच्या दोन इमारती आहेत, जाम्बो हाउस आणि किदानी व्हिलेज. बोमा आणि जिको ही रेस्टॉरंटं जाम्बोमध्ये, साना किदानीमध्ये. मी सानाचं बुकिंग असताना जाम्बोला गाडी लावली आणि आईला तेवढं अंतर चालवलं, ती काही बोलली नाही पण टेबलावर बसल्यावर गुडघा दाबत होती, मला फार वाईट वाटलं. किदानीला इमारतीच्या खालीच झाकलेलं पार्किंग आहे, पावसात तर वरदान, आणि लिफ्टने वर. पुढच्या वेळी तिथेच लावली.

सानाला शाकाहारी माणसाला न्यायलाच हवं. ब्रेड सर्व्हिस म्हणून मागवा, नान, कुलचा, पनीर पराठा आणि त्याबरोबर नऊ वाट्या, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, रायतं, लसणाचं लोणचं. बाबांनी लसणाचं लोणचं बोटाने चाटून "हे आपल्याकडचंच आहे गं" असं म्हटलं. खिडकीबाहेर जिराफ पानं ओरबाडत होता, आईने घास हातातच धरून ठेवला होता.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ६ वाजता. चांगल्या वेळा हव्या असतील तर तेव्हाच उठून बसा. नंतरही रद्द झालेली टेबलं मिळतात, मला दोनदा आदल्या दिवशी मिळाली. नुसतं गेटमधून आत जायला बुकिंग करून सोडून देऊ नका, न जाता तसंच ठेवलं तर माणशी १० डॉलर कापतात आणि कुणाचं तरी टेबल जातं ते वेगळंच.

स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेलं एपकॉटजवळच असली तरी ती डिस्नी चालवत नाही, तिथे पार्किंगला पैसे आहेत, रेस्टॉरंटमधून पार्किंगच्या सवलतीचा शिक्का मिळतो का ते टेबल बुक करतानाच विचारा.

आणि बुकिंग काहीच मिळालं नाही तर डिस्नी स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागात जा, लाइम आणि ऑरेंज गॅरेजमध्ये पार्किंग फुकट आहे, कुणी काही विचारत नाही. आई-बाबा मार्चमध्ये परत गेले. जायच्या आठवडाभर आधी आईने स्वतःहून विचारलं की ते खालचं पार्किंगवालं हॉटेल अजून एकदा करायचं का. मंगळवारी दुपारचं टेबल मिळालं, तेही खिडकीजवळचं.