सीएसएसचे पहिले धडे: कुठलं ट्युटोरियल धरायचं, कुठलं सोडायचं?

सीएसएसचं, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं, ट्युटोरियल निवडताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: समजायला सोपं आहे का, आणि शेवटी तयार होणारं पान देखणं आहे का. दोन्ही खुणा फसव्या आहेत. दिलेला कोड जसाच्या तसा उतरवला तर पान देखणं दिसणारच. खरी अडचण येते ती स्वतःचं पान करायला घेतल्यावर, कारण सीएसएस चुकलं तरी काही बोलत नाही. प्रॉपर्टीच्या (रंग, रुंदी अशा गुणाच्या) नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की ब्राउझर ती ओळ मुकाट सोडून पुढे जातो. सेमीकोलन राहिला तर पुढचीही ओळ तिच्याबरोबर जाते. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही. पान तेवढं हवं तसं दिसत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, पान बिघडल्यावर हे ट्युटोरियल उपयोगी पडेल का? ब्राउझरचा इन्स्पेक्टर उघडून कुठला नियम लागू झाला, कुठल्यावर काट बसली, हे बघायला त्यात शिकवलंय का? सुरुवातीच्या धड्यांत इन्स्पेक्टरचं नावही निघत नसेल, तर बाकी मांडणी कितीही गोड असली तरी मी ते नवशिक्याला सुचवत नाही.

आधी दोनच धडे उघडा

अख्खं ट्युटोरियल वाचून पारखणं नवशिक्याला शक्य नाही. पण बॉक्स मॉडेल आणि स्पेसिफिसिटी हे दोन धडे वाचले तरी शिकवणाऱ्याची बरीच पारख होते.

बॉक्स मॉडेल म्हणजे पानावरच्या घटकाची चौकोनी जागा मोजण्याची रीत. बॉक्सला ३०० पिक्सेल रुंदी दिली, चहूबाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कडा यांमधली मोकळी जागा) आणि ५ पिक्सेल बॉर्डर दिली, तर त्याची पडद्यावरची रुंदी ३५० पिक्सेल भरते. ३०० हा आकडा मूळ नियमानुसार फक्त आतल्या मजकुराच्या जागेचा असतो. चांगला धडा ही बेरीज करून दाखवतो आणि मग बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स दिल्यावर तेच ३०० पॅडिंग-बॉर्डर धरून कसे मोजले जातात, ते सांगतो. कच्चा धडा बॉर्डर-बॉक्सची ओळ फाइलच्या माथ्यावर चिकटवायला सांगतो आणि कारण देत नाही. दोन्हीकडे पान सारखंच दिसतं. दुसऱ्याचा कोड हाती आला, त्यात ती ओळ नसली, की फरक कळतो.

स्पेसिफिसिटी म्हणजे एकाच घटकाला दोन नियम लागू होत असतील तर कोणता जिंकणार याचा हिशेब. नियम घटक निवडतो तो आयडीनं (एकाच घटकाचं नाव), क्लासनं (घटकांच्या गटाचं नाव) किंवा एलिमेंटनं (घटकाचा प्रकार). हा हिशेब बऱ्याच ठिकाणी बेरजेनं शिकवतात: आयडीचे १००, क्लासचे १०, एलिमेंटचा १. तसं असतं तर अकरा क्लास मिळून ११० झाले असते आणि एका आयडीला हरवलं असतं. प्रत्यक्षात आयडीच जिंकतो. आयडी, क्लास आणि एलिमेंट हे तीन वेगळे रकाने आहेत. आधी आयडीचा रकाना बघायचा, तिथे बरोबरी झाली तरच क्लासचा, आणि मग एलिमेंटचा. बेरजेची युक्ती रोजच्या कामात बहुतेक वेळा चालून जाते, म्हणून ती टिकली आहे. पण जो धडा ही युक्ती सांगतो आणि ती कुठे मोडते ते सांगत नाही, त्याच्या बाकीच्या धड्यांकडेही मी जरा सावधपणे बघतो. भांडणाऱ्या दोन नियमांवर ‘इम्पॉर्टंट (नियमाला जबरदस्तीनं जिंकवणारा शब्द) लावून टाका’ एवढंच उत्तर असेल तर पान बंद करायला हरकत नाही.

ट्युटोरियल किती जुनं आहे हे लेआउटच्या धड्यावरून कळतं. ग्रिड, म्हणजे पान आडव्या-उभ्या रकान्यांत मांडायची सोय, मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत आलं. शेजारी शेजारी रकाने करायला फ्लोट (घटक एका बाजूला सरकवणं) आणि क्लिअरफिक्स (त्यानं बिघडलेली मांडणी सावरायची युक्ती) शिकवणारा धडा त्याआधीच्या काळातला, किंवा त्या काळातून उतरवलेला. फ्लोट आजही लागतं, पण चित्राभोवती मजकूर वाहता ठेवायला. मात्र केवळ तारीख बघून जुनं ट्युटोरियल फेकू नका. कॅस्केड (अनेक नियमांतून कुठला लागेल ते ठरवायची रीत), वारसा (बाहेरच्या घटकाचे गुण आतल्याला मिळणं), बॉक्स मॉडेल यांचा गाभा तोच आहे आणि जुन्या लेखांत तो पुष्कळदा नव्यांपेक्षा शांतपणे समजावलेला सापडतो.

आणखी एक बारीक खूण. बटणाभोवतीची रेघ ‘वाईट दिसते’ म्हणून आउटलाइन काढून टाकायला सांगितलं असेल आणि बदली काही दिलं नसेल, तर त्या शिकवणाऱ्यानं कीबोर्डवर पान चालवणाऱ्यांचा विचार केलेला नाही. त्यांना आपण पानावर कुठे आहोत ते त्या रेघेमुळेच कळतं.

समोरासमोर ठेवलं तर

डब्ल्यूथ्रीस्कूल्स ही शिकवणारी साइट १९९८ पासून आहे. नावावरून वाटतं, पण मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेशी तिचा संबंध नाही. छोटी पानं, लगेच बदलून बघता येणारं उदाहरण, एका वेळी एकच प्रॉपर्टी. विसरलेली गोष्ट पटकन बघायला इतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. शिकायला मात्र अपुरी. प्रॉपर्ट्या सुट्या सुट्या कळतात, त्यांचं एकमेकींशी नातं कळत नाही. पन्नास प्रॉपर्ट्या पाठ असूनही साधा मेनू ओळीत बसवता येत नाही, अशी गत होते. स्पेसिफिसिटीची ती बेरीज या साइटनंही अनेक वर्षं शिकवली.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या एमडीएन या साइटचा पिंड नेमका उलटा. तिथे ‘का’ला जागा आहे आणि धड्यांमागे स्वतः सोडवायची कामं आहेत. गुणवत्तेच्या बाबतीत मी तिला सर्वांत वर ठेवेन. पण नवशिके तिथे चुकीच्या दारानं शिरतात: शोधयंत्रातून एखाद्या प्रॉपर्टीच्या संदर्भपानावर येतात, तिथली औपचारिक मांडणी बघून बिचकतात आणि परत फिरतात. शिकण्याचा विभाग वेगळा आहे, सुरुवात तिथून करायची. पुढे संदर्भपानांवरची बेसलाइनची खूणही कामाला येते. एखादी सोय प्रमुख ब्राउझरांत आल्याला अडीच वर्षं झाली की तिला ‘सर्वत्र उपलब्ध’ म्हणतात. यूट्यूबवर कुणी उत्साहानं दाखवलेली नवी युक्ती आज वापरावी की नाही, ते त्यावरून ठरवता येतं.

गूगलच्या वेब डॉट डेव्हवरचा ‘लर्न सीएसएस’ हा कोर्स २०२१ मधला. त्याचा क्रम मला फार आवडतो: बॉक्स मॉडेल, सिलेक्टर (नियम कुठल्या घटकाला लागेल ते सांगणारा भाग), कॅस्केड, स्पेसिफिसिटी, वारसा हे सगळं आधी, फ्लेक्सबॉक्स (घटक एका ओळीत बसवायची सोय) आणि ग्रिड नंतर. घाई करणारी ट्युटोरियल्स बरोबर हाच पाया गाळतात. उणीव सरावाची. प्रकरणाच्या शेवटी प्रश्न आहेत, पण योग्य पर्याय निवडणं आणि रिकाम्या फाइलसमोर बसणं यांत फरक आहे. एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना लिहायची भाषा) येत नसेल तर इथून सुरुवात करू नये.

फ्रीकोडकॅम्प या साइटवर पहिल्या मिनिटापासून हात चालतात. प्रत्येक पायरीवर एक छोटी सूचना, तुम्ही ओळ लिहायची, यंत्र तपासणार. वाचताना पेंगणाऱ्यांसाठी हे वरदान आहे. दोष त्याच गुणात लपलाय: सूचना इतकी नेमकी असते की डोकं न वापरता पायऱ्या पार होतात, आणि हिरवी खूण बघून आपल्याला येतंय असं वाटू लागतं. तिथला खरा कस लागतो तो सर्व्हे फॉर्मसारख्या स्वतः करायच्या प्रकल्पांत, कारण तिथे बोट धरायला कोणी नसतं. पायऱ्या उरकून प्रकल्प सोडणाऱ्यानं निम्म्याहून अधिक कोर्स सोडला असंच मी म्हणेन.

फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी हा २४ पातळ्यांचा खेळ. बेडूक कमळाच्या पानावर पोचवता पोचवता जस्टिफाय-कंटेंट आणि अलाइन-आयटम्स या घटक ओळीत आणि ओळीला आडवे बसवणाऱ्या दोन प्रॉपर्ट्यांमधला गोंधळ सुटतो. त्यापुढे अपेक्षा ठेवू नये.

व्हिडिओंबद्दल सरसकट काही सांगता येत नाही, माणसागणिक दर्जा बदलतो. एक परीक्षा मात्र घेता येते. मागचा घटक पुढे आणायचाय आणि झेड-इंडेक्स (घटकांचा पुढे-मागे क्रम ठरवणारा आकडा) देऊनही तो येत नाही, अशा वेळी शिकवणारा काय करतो ते बघा. आकडा ९९९९ वर नेणारे पुष्कळ आहेत. बाहेरच्या डब्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १ पेक्षा कमी असल्यानं तो स्वतःचा वेगळा थर तयार करतो आणि आतला घटक त्या थराबाहेर जाऊ शकत नाही, हे थांबून दाखवणारा भेटला तर त्याला धरून ठेवा. अडखळण्याचे क्षण कापून टाकलेला गुळगुळीत व्हिडिओ बघायला छान, पण शिकणाऱ्याला नेमके तेच क्षण हवे असतात.

मग कुठून सुरू करावं?

वाचून समजण्याची सवय असेल आणि या कामात टिकायचं असेल तर एमडीएनचा शिकण्याचा विभाग. एचटीएमएल पक्कं असेल तर वेब डॉट डेव्हनं सुरुवात करा, फक्त सोबत एक स्वतःचं पान हाती ठेवा. लांबलचक मजकूर बघून टॅब बंद करण्याची सवय असेल तर फ्रीकोडकॅम्प, पण प्रकल्पांसकट. एका वेळी तीन कोर्स उघडू नका. तिन्हींचे पहिले धडे जवळपास सारखेच असतात आणि रंग बदलण्यापलीकडे गाडी सरकत नाही.

विकतचा कोर्स घ्यायचा असेल तर फुकट दाखवलेल्या धड्यावर जाऊ नका, तो बहुधा सर्वांत चकचकीत निवडलेला असतो. धड्यांची पूर्ण यादी वाचा. कॅस्केडला स्वतंत्र धडा आहे की तो ‘ओळख’ नावाच्या धड्यात उरकलाय? अ‍ॅनिमेशनला लेआउटपेक्षा जास्त वेळ दिलाय का? आणि कोड देऊन ‘यात काय बिघडलंय ते शोधा’ असं सांगणारा एक तरी सराव त्या यादीत दिसतो का?