तेलाचा, कोरडा की कागदी? मुंबईतल्या परफॉर्मन्स गाडीसाठी एअर फिल्टर निवडताना

जुलैमध्ये धुतलेला कापडी फिल्टर मुंबईत लवकर वाळत नाही. तेल लावायचा कापडी फिल्टर घ्यावा, धुवायचा पण कोरडा घ्यावा की कंपनीचा कागदीच राहू द्यावा, हे ठरवताना बहुतेक जण हॉर्सपॉवरपासून सुरुवात करतात. मी वाळवण्यापासून करतो. माझ्या दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीत तिन्ही प्रकार वापरून झालेत आणि जो काही त्रास झाला तो धुण्या-वाळवण्यात आणि तेल लावण्यातच झाला.

आधी फिल्टरवर किती भार असतो ते बघा. दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला साधारण ६,००० लिटर हवा ओढतं, बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा, त्याहून बरीच जास्त. आपल्याकडे त्या हवेत रस्त्याची धूळ असते, शिवाय दर दोन गल्ल्यांआड पाडकाम आणि नवं बांधकाम, म्हणजे सिमेंट आणि रेतीची भुकटी. रेतीतली सिलिका पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासते, आणि टर्बोची पाती तर तिच्या वाटेत सगळ्यात आधी येतात. म्हणून हवा मोकळी किती येते यापेक्षा धूळ किती अडते हा प्रश्न मी वर ठेवतो.

या कसोटीवर चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर पुढे आहे. बारीक धूळ तो तेलाच्या कापडी फिल्टरपेक्षा जास्त अडवतो, आणि गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, असेल तर स्वच्छ कागदी फिल्टरमुळे इंजिनचा श्वास अडत नाही. नुसता फिल्टर बदलून पिकअप वाढल्याचं जे सांगितलं जातं ते बहुतेकदा आवाज मोठा झाल्यामुळे वाटलेलं असतं. कागदी फिल्टर धुवायचा नसतो; पाण्याने कागद फुगतो. गॅरेजमध्ये ‘हवा मारून देतो’ म्हणतात तेही टाळा. कंप्रेसरच्या दाबाने कागदाला बारीक चिरा पडतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत आणि धूळ तिथूनच आत जाते. मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पाहा, शहरात त्याच्या निम्म्यावर तपासा, घाण झाला की बदला. एका कापडी फिल्टरच्या पैशात कागदी चार-पाच तरी येतात.

तेलाच्या फिल्टरची मजा वेगळी आहे, ती मी नाकारत नाही. केअँडएन ही कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी १९६९ पासून या धंद्यात आहे, इटलीची बीएमसीही याच घडणीचे फिल्टर बनवते. सुती जाळीदार कापडाचे थर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, सगळं घड्या घालून रबरी चौकटीत बसवलेलं. कापडाची भोकं कागदापेक्षा मोठी असतात, म्हणून हवा सहज जाते. धूळ अडते ती धाग्यांवरच्या चिकट तेलामुळे. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर तेलच आत जातं आणि एअरबॉक्सच्या (फिल्टरच्या डब्याच्या) पुढे बसलेल्या मॅफ सेन्सरच्या, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, तापलेल्या तारेवर किंवा फिल्मवर त्याचा थर बसतो. मग हवेचं माप चुकतं, आयडलला गाडी थरथरते, कधी पी०१०१ किंवा पी०१७१ हा बिघाडाचा कोड येऊन इंजिनचा दिवा लागतो.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. पहिल्यांदा मी फिल्टर एका वर्कशॉपमध्ये धुवायला दिला. तासाभरात परत मिळाला, लालभडक, बोट लावलं तर बोटाला तेल. तेव्हा मला ते चांगलंच वाटलं. चार दिवसांनी सिग्नलला गाडी गचके द्यायला लागली. सेन्सर काढला तर त्यावर तेलाचा तवंग होता. मॅफसाठीचाच स्प्रे मारून, हात न लावता, पूर्ण वाळू देऊन परत बसवला तेव्हा गाडी सुरळीत झाली. त्या तासाभराच्या हिशेबात वाळायला वेळच नव्हता, म्हणजे कंप्रेसरनेच वाळवला असणार. तेव्हापासून कुठल्याही वर्कशॉपला मी दोनच गोष्टी विचारतो: वाळवता कसा आणि तेल कुठलं लावता. ‘रात्रभर ठेवावा लागेल’ असं ऐकलं तर पुढे बोलतो. ‘लगेच देतो’ म्हणाले किंवा इंजिन ऑइलचा डबा पुढे आला, तर फिल्टर घेऊन घरी.

घरी धुणं अवघड नाही, पण त्याला दिवस द्यावा लागतो. फिल्टर हलकेच आपटून सुटी धूळ पाडायची. फिल्टरचाच क्लीनर दोन्ही बाजूंनी मारून दहा मिनिटं मुरू द्यायचा, वाळू मात्र द्यायचा नाही. मग पाणी इंजिनकडच्या, म्हणजे स्वच्छ बाजूने सोडायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. बाथरूमच्या नळाची साधी धार पुरते. गाडी धुवायचा प्रेशर जेट लावला तर कापडाचे धागे सरकतात. पहिलं पाणी चहासारखं उतरतं, ते नितळ येईपर्यंत हे पुन्हा करायचं. पेट्रोल, रॉकेल, कपड्यांची पावडर यांपैकी काहीही वापरायचं नाही.

आता वाळवणं. उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही, कंप्रेसरने तर नाहीच. जोरात झटकून पंख्याखाली उभा ठेवायचा. मे महिन्यात एका दिवसात काम होतं. एकदा पावसाळ्यात मी हा उद्योग केला आणि दोन दिवसांनीही घड्यांच्या तळाशी बोटाला गारवा लागत होता, वरून मात्र खडखडीत वाटत होता. तेव्हापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरतो. सकाळी आणि रात्री वजन करायचं. दोन्ही वेळा आकडा तोच आला की वाळला. ओलसर कापडात तेल पसरत नाही, डाग डाग राहतात, आणि त्या पांढऱ्या डागांतून धूळ आरामात जाते.

तेल लावताना हात आखडता हवा. स्प्रेचा डबा असेल तर तीनेक इंचांवरून प्रत्येक घडीच्या माथ्यावर एकच फवारा. बाटली असेल तर घडीच्या तळाशी एक बारीक रेघ. मग वीस मिनिटं थांबायचं. तेल आपोआप कापडात पसरतं, हे बघायला छान वाटतं: पांढरं कापड कडेकडेने गुलाबी होत जातं. राहिलेल्या पांढऱ्या जागी थोडंसं तेल, पुन्हा थांबायचं. टपकलं किंवा चमकलं तर जास्त झालं. तेल फिल्टरचंच हवं; इंजिन ऑइल कापडात टिकत नाही, पुढे ओढलं जातं.

आणि हे सारखं सारखं करू नका. फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो आधीपेक्षा बारीक गाळतो, म्हणून दर दोन महिन्यांनी धुणारा माणूस हौसेपायी इंजिनचं नुकसान करतो. मुंबईत चालणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा पुरे, पाऊस पडायच्या आधी मेमध्ये. राहिलंच तर ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात.

कोरडा धुवायचा फिल्टर या दोघांच्या मधला. सिंथेटिक कापडाचा, तेल नाही, उदाहरणार्थ एएफईचा प्रो ड्राय एस. धुवा, वाळवा, बसवा. सिंथेटिक धागा सुतासारखं पाणी शोषत नाही, त्यामुळे लवकर वाळतो, आणि तेलाने सेन्सर खराब व्हायची भीतीच नाही. भारतात मिळणाऱ्या सगळ्या मॉडेलना तो सहज सापडत नाही, मागवावा लागतो.

एअरबॉक्सशिवाय उघड्यावर बसवायच्या शंकूच्या आकाराच्या कोन फिल्टरबद्दल थोडक्यात: बॉनेटखालची तापलेली हवा तो ओढतो, आणि तो फार खाली बसवलेला असेल तर हिंदमाता किंवा मिलन सबवेला साचलेल्या पाण्यात इंजिनात पाणी जायचा धोका. मुंबईत मी तो कुणालाच सुचवणार नाही.

मग घ्यायचा कुठला? गाडी स्टॉक आणि रोज ऑफिसला जाणारी असेल तर कागदी, बिनधास्त. वॉरंटी चालू असेल तरीही कागदीच, कारण सेन्सर बिघडला की सर्व्हिस सेंटरवाले आधी फिल्टरकडे बोट दाखवतात. इंजिन रीमॅप केलंय (ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललंय), बूस्ट वाढवलाय, पण धुण्या-पुसण्याला वेळ नाही, तर कोरडा. तेलाचा त्यानेच घ्यावा जो वर्षातून एकदा अख्खा शनिवार-रविवार स्वतः देणार आहे.

कुठलाही घ्या, पण बसवताना रबराची कड चौफेर नीट बसली का ते बोट फिरवून पाहा. कड कुठे दुमडली असेल तर सगळ्यात भारी फिल्टरही कुचकामी. हजार किलोमीटरनंतर एअरबॉक्स उघडून फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत आतून पांढरा फडका फिरवा. त्यावर धूळ दिसली तर कड किंवा तेल चुकलंय, तेल दिसलं तर हात सैल सुटलाय.

माझ्या गाडीत सध्या कोरडा फिल्टर आहे. तेलाचा धुऊन, तेल लावून, पिशवीत बंद करून ठेवलाय. थंडीत पुणे-महाबळेश्वरच्या फेऱ्या सुरू झाल्या की तो चढतो. घरातल्या दुसऱ्या, रोज लेकीला शाळेत सोडणाऱ्या गाडीत कंपनीचा कागदी आहे.