एका दुपारी ८८ सर्टिफिकेटं: ऑनलाइन प्रशिक्षणाच्या नावाखाली दवाखान्यांना कसं गंडवतात

लोकसहभागातून चालणाऱ्या एका छोट्या दवाखान्याची फसवणूक कशी झाली, ते इथे मांडतो आहोत. दवाखान्याचं नाव देत नाही आणि कोर्स विकणाऱ्यांचंही नाही. ही मंडळी नाव आणि वेबसाइट बदलत राहतात, पद्धत मात्र तीच असते. ती ओळखता आली म्हणजे झालं.

दवाखान्यात सात कर्मचारी, पंधरा स्वयंसेवक आणि तोंडावर आलेली वार्षिक तपासणी. निधी देणाऱ्या संस्थेला प्रत्येकाच्या चार प्रशिक्षणांचा पुरावा हवा होता: संसर्ग नियंत्रण, बेसिक लाइफ सपोर्ट (बीएलएस, म्हणजे हृदय किंवा श्वास बंद पडलेल्या माणसाला तातडीने द्यायची मदत), लसींची साठवण आणि रुग्णांच्या माहितीची गोपनीयता. अशा वेळी समन्वयकाला एक ईमेल येते. चारही कोर्स एकत्र, पूर्ण टीमसाठी एकच दर, "आंतरराष्ट्रीय मान्यता", सर्टिफिकेट २४ तासांत. मागोमाग फोन. बोलणारी व्यक्ती अदबीने बोलते, तपासणीत काय काय विचारतात हे तिला नेमकं ठाऊक असतं, आणि सवलत आज संध्याकाळपर्यंतच असते. डेमो मागितला तर "पैसे भरल्यावर लगेच लॉगिन मिळेल". खरी गोम इथेच आहे. धड कोर्स विकणारा एखादा पूर्ण धडा आधी दाखवायला कधीच कचरत नाही, कारण दाखवण्यासारखं त्याच्याकडे काहीतरी असतं.

पैसे भरले गेले आणि लॉगिन आलं. बावीस जणांसाठी एकच. सोबत एक एक्सेल शीट: नाव, जन्मतारीख, मोबाइल, नोंदणी क्रमांक, ओळखपत्राचा फोटो. प्रत्येक कोर्स म्हणजे स्लाइडवरचा मजकूर वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज. व्हिडिओची पट्टी बोटाने शेवटाला ओढली की "पूर्ण" अशी हिरवी खूण. मग दहा प्रश्नांची परीक्षा, तीही कितीही वेळा द्या, प्रश्न तेच, क्रम तोच, आणि नापास झालं की बरोबर उत्तरं समोर हजर. दवाखान्यातल्या एकाच माणसाने बसून बावीसही जणांच्या नावाने परीक्षा दिल्या. एका दुपारी ८८ सर्टिफिकेटं छापून तयार. इथे विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्याचीही सोय झाली होती, हे स्पष्ट बोललेलं बरं. असे कोर्स खपतात त्याचं मोठं कारण म्हणजे मागणारा कागद मागतो आणि तपासणाराही बहुतेक वेळा कागदच तपासतो.

या वेळी तपासायला आलेली व्यक्ती मात्र जुनी परिचारिका निघाली. तिने एकाच स्वयंसेवकाची चार सर्टिफिकेटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. प्रत्येकावर "कालावधी ८ तास" आणि चारही कागदांवर एकच तारीख. म्हणजे एका दिवसात ३२ तासांचं प्रशिक्षण. पुढचं काही बघायची गरजच उरली नाही, तरी तिने बघितलं. सोनेरी शिक्का, सापाने वेढलेल्या काठीच्या मागे पृथ्वीचा गोल असं जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हासारखं चित्र, खाली "आयएसओ प्रमाणित", सही करणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर तो विकणाऱ्याच्याच वेबसाइटवर नेतो आणि तिथे हिरव्या अक्षरात "वैध" असं झळकतं. चोराला विचारायचं की माल तुझा का, तसला हा प्रकार.

या एकेका दाव्यात किती दम असतो ते बघू. आयएसओ ही संस्था मानकं तयार करते. ती स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात. शिवाय आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाच्या पद्धतीबद्दलचं मानक आहे. एखाद्या कंपनीकडे ते खरोखर असलं तरी तिच्या कोर्समधलं वैद्यकीय ज्ञान बरोबर आहे असा त्याचा अर्थ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि त्या संघटनेचे ओपनडब्ल्यूएचओ या व्यासपीठावर आलेले कोर्स मोफत होते. त्यांच्याच नावाने कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. "आंतरराष्ट्रीय मान्यता परिषद" वगैरे भारदस्त नाव दिसलं, तर त्या परिषदेच्या वेबसाइटचं डोमेन कधी नोंदवलं ते हूइज शोधात (डोमेनच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या ऑनलाइन सेवेत) बघा. कोर्सची वेबसाइट आणि मान्यता देणारी परिषद एकाच महिन्यात जन्मलेली असेल तर दोन्हींचा धनी एकच असण्याची शक्यता दाट.

बेसिक लाइफ सपोर्टचं तर आणखी सोपं आहे. हा विषय नुसता पडद्यावर शिकून पुरा होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोर्समध्ये वाचन आणि प्रश्न ऑनलाइन करता येतात, पण कार्ड मिळण्याआधी पुतळ्यावर हाताने करून दाखवावंच लागतं. ते कार्ड दोन वर्षं चालतं आणि त्यावरचा कोड असोसिएशनच्या स्वतःच्या वेबसाइटवर तपासता येतो. "शंभर टक्के ऑनलाइन, घरबसल्या बीएलएस" असं जिथे लिहिलेलं असेल तिथे दुसरं काही विचारायची गरज नाही. मोठ्या माणसाच्या छातीवर किमान ५ सेंटिमीटर आणि जास्तीत जास्त ६ सेंटिमीटर दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबांनंतर २ श्वास, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे पाठ म्हणून दाखवणारा माणूस पुतळ्यावर बसवला की दाब बहुतेक वेळा उथळ पडतो. खांदे हातांच्या वर नसतात, कोपरं वाकतात, थोड्या वेळात दमछाक होते आणि ते त्याचं त्याला कळतही नाही. पडद्यावरच्या दहा प्रश्नांत हे कसं पकडणार?

पैसे बुडाले हे दुःख लहानच. आपली माणसं शिकली आहेत अशी दवाखान्याची समजूत झाली, ते जास्त महागात पडणारं. त्या कोर्समधल्या लसींच्या धड्याचं उदाहरण घ्या. फ्रिजचं तापमान २ ते ८ अंश सेल्सियस हवं, इतकं बरोबर सांगितलं होतं. पुढे मात्र "लस गोठल्याचा संशय आल्यास कुपी हलवून बघा, गुठळ्या दिसल्या तर टाकून द्या" एवढ्या एका ओळीत विषय संपवला होता.

हलवून बघायची चाचणी अशी होत नाही. आधी त्याच लसीची, त्याच उत्पादकाची आणि त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवून घ्यायची आणि ती वापरात येऊ नये म्हणून तिच्यावर ठळक खूण करायची. ती आपसूक वितळू द्यायची. मग गोठवलेली आणि संशयित अशा दोन्ही कुप्या एका हातात धरून १० ते १५ सेकंद हलवायच्या आणि सपाट जागी शेजारी शेजारी ठेवून अर्ध्या तासापर्यंत नजर ठेवायची. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीपेक्षा सावकाश खाली बसला तर लस वापरता येते. तेवढ्याच वेगाने किंवा जास्त वेगाने बसला तर लस बाद. ज्या लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो, म्हणजे धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांसारख्या, त्यांनाच ही चाचणी लागू पडते. तुलनेची कुपीच नसेल तर नुसत्या डोळ्यांना खराब लस चांगली वाटू शकते. गोठून निकामी झालेली लस टोचली जाते, नोंदवहीत "लस दिली" असं लागतं आणि माणूस असुरक्षितच राहतो.

असंच रक्तदाबाचं. पट्टा दंडाला अपुरा पडला की आकडा खोटा वाढतो, हा मुद्दा बोगस कोर्सांत बऱ्याचदा सापडत नाही. लहान मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, तेही मूल शांत असताना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाहीत. २ ते ११ महिन्यांच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन. कोर्स खरा की खोटा हे ताडायला असे बारकावे फार उपयोगी पडतात. नमुन्याचा धडा मागवा आणि आपल्या अनुभवी परिचारिकेला वाचायला द्या. अर्ध्या तासात ती सांगेल.

आता त्या एक्सेल शीटकडे वळू, कारण नुकसान पैशांवर थांबलं नाही. बावीस जणांच्या ओळखपत्रांचे फोटो आणि परिचारिकांचे नोंदणी क्रमांक एका अनोळखी हाती गेले. नोंदणी क्रमांक, नाव आणि जन्मतारीख जुळली की त्या परिचारिकेच्या नावाने दुसरीकडे कागद उभे करता येतात. त्याहून वाईट म्हणजे गोपनीयतेच्या कोर्सचा "प्रकल्प": आपल्या दवाखान्यातल्या तीन रुग्णांच्या केसपेपरचे फोटो अपलोड करा! गोपनीयता शिकवणाऱ्या कोर्सने रुग्णांची माहिती मागावी आणि कुणाला खटकूही नये, याला काय म्हणावं. खऱ्या प्रशिक्षणात सरावासाठी काल्पनिक केस देतात. रुग्णाचा कागद कुठल्याही कोर्ससाठी बाहेर जाता कामा नये. नोंदणीसाठी नाव, ईमेल आणि हुद्दा पुरेसा असतो.

पैसे भरण्याआधी विकणाऱ्याकडे लेखी मागायच्या गोष्टी फार नाहीत, पण नेमक्या आहेत. प्रत्येकाला वेगळं लॉगिन मिळणार का? कोर्स संपल्यावर प्रत्येकाची नोंद मिळणार का: कधी सुरू केला, किती वेळ घालवला, परीक्षा किती वेळा दिली, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं? स्कॉर्म किंवा एक्सएपीआय ही ऑनलाइन कोर्सच्या नोंदींसाठीची तांत्रिक मानकं पाळणाऱ्या कुठल्याही प्रणालीत ही माहिती साठवता येते. मूडलसारख्या मोफत प्रणालीतही नोंदी मिळतात. "आमची सिस्टीम तसं दाखवत नाही" हे उत्तर आलं की समजून जायचं. मजकूर कोणी लिहिला, शेवटचा कधी सुधारला, कोणत्या मार्गदर्शक सूचनेवर आधारला? हाताने करायच्या कौशल्यांची तपासणी कोण करणार आणि कुठे? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न विकणाऱ्याला नाही, मागणाऱ्याला विचारायचा: तपासणी करणाऱ्या किंवा निधी देणाऱ्या संस्थेला ईमेल करा, "अमुक कोर्सचं सर्टिफिकेट तुम्हाला चालेल का?" लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका. आजची सवलत गेली तरी जाऊ द्या.

पैसे एकरकमी आणि कोर्सपुरते भरा. या दवाखान्याचं कार्ड वेबसाइटवर साठवलं गेलं होतं आणि बारीक अक्षरात दरवर्षी आपोआप नूतनीकरणाची अट होती. परत पैसे मागितले तर "सर्टिफिकेट तयार झाल्यामुळे परतावा नाही" हेही तिथेच लिहिलेलं. एखाद्या व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात पैसे भरायला सांगितले तर सरळ नाही म्हणा.

फसलात तर पहिला फोन बँकेला. कार्डाने भरले असतील तर व्यवहारावर हरकत घेता येते, पण तिला मुदत असते, त्यामुळे विकणाऱ्याशी ईमेलांची देवाणघेवाण करत दिवस घालवू नका. "दोन आठवड्यांत बघतो" हे उत्तर बऱ्याचदा ती मुदत टळावी म्हणूनच दिलेलं असतं. साठवलेलं कार्ड बंद करा, नवीन घ्या. दवाखान्याच्या ईमेलचाच पासवर्ड त्या वेबसाइटवर कुणी वापरला असेल तर तो त्याच दिवशी बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. वेबसाइट गायब व्हायच्या आत तिच्या पानांचे पूर्ण स्क्रीनशॉट काढा, पत्त्याची ओळ आणि तारीख दिसेल असे. दर, मान्यतेचा दावा, परताव्याची अट, तिन्ही. ईमेल पुढे पाठवू नका, मूळ फाइल म्हणून उतरवून ठेवा. ती कुठून आली हे सांगणारा मजकूर पुढे पाठवल्यावर नीट टिकत नाही. मग सायबर पोलिसांत तक्रार. ज्यांचे नोंदणी क्रमांक गेले त्यांनी आपापल्या नोंदणी परिषदेला लेखी कळवावं, आणि रुग्णांचे कागद गेले असतील तर ते लपवू नये; लागू असलेल्या कायद्याप्रमाणे संबंधित अधिकाऱ्यांना आणि त्या रुग्णांनाही कळवायला लागू शकतं.

पुन्हा प्रशिक्षण घेताना सगळ्या विषयांच्या मागे एकदम धावू नका. जिथे चूक झाली तर त्याच दिवशी इजा होते तिथून सुरुवात करा: सुयांची विल्हेवाट आणि सुई टोचल्यानंतर काय करायचं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, आणि टोचलीच तर एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्यतो काही तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. ही औषधं कुठे मिळतात, रात्री कुणाला फोन करायचा, हे प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ आहे का ते समोर बसून विचारा. हातांची स्वच्छता करून दाखवायला सांगा. अल्कोहोलने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६० सेकंद, घड्याळ लावून. मग फ्रिज, मग पुतळा. प्रत्येकाच्या नावापुढे काय करून दाखवलं, कोणी पाहिलं आणि तारीख, एवढी साधी वही ठेवली तरी पुढच्या तपासणीत ती उपयोगी पडते.

आणि ती ८८ सर्टिफिकेटं रागाने फाडून टाकू नका. प्रत्येकावर "अमान्य" लिहून तारीख टाका आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बँक, पोलीस आणि निधी देणारी संस्था, तिघेही तीच मागतात.