स्लॅकचे वर्कफ्लो बिल्डर : नव्या सहकाऱ्याची ओळख करून देण्यास कितपत उपयोगी?

नव्या माणसाची ओळख करून देण्याचे काम बहुतेक कार्यालयांत कोणाच्याच वाट्याला नेमके आलेले नसते. मनुष्यबळ विभाग ते टीमच्या प्रमुखावर सोडतो, प्रमुख विभागाने कळवले असेल असे गृहीत धरतो, आणि रुजू झालेली व्यक्ती कित्येक दिवस परकीच राहते. कार्यालयीन संदेशांसाठीच्या स्लॅक या अॅपने २०१९ मध्ये आणलेल्या वर्कफ्लो बिल्डर या ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या साधनामुळे ही जबाबदारी प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही यंत्रावर सोपवता येते.

ठरवून दिलेल्या चॅनेलमध्ये, म्हणजे स्लॅकवरील गटात, कोणी दाखल झाले की त्या व्यक्तीला खासगी संदेश जातो, त्यातील बटण दाबल्यावर छोटा फॉर्म उघडतो आणि तिने भरलेली उत्तरे आपोआप सर्वांसमोर मांडली जातात. आपोआप सुरू होणाऱ्या वर्कफ्लोला, म्हणजे कामांच्या ठरवलेल्या साखळीला, कोणाच्या स्क्रीनवर परस्पर फॉर्म उघडता येत नाही, म्हणून हे बटण ठेवावे लागते. मला मात्र हेच या रचनेचे बलस्थान वाटते, कारण स्वतःबद्दल काय आणि केव्हा सांगायचे हे नवागताच्याच हाती राहते. अर्थात बटण न दाबणाऱ्याची ओळख तशीच राहून जाते, आणि त्याची विचारपूस करायला शेवटी माणूसच लागतो.

फॉर्ममधील प्रश्नांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. छंद विचारले की ‘वाचन आणि प्रवास’ हे ठरलेले उत्तर येते. याउलट ‘कोणत्या कामात अडल्यास आम्ही तुम्हाला विचारावे?’ या प्रश्नाचे उत्तर सहकाऱ्यांना पुढेही उपयोगी पडते. स्वागताचे वाक्य दर वेळी तेच राहिले, तर लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखे नाव तेवढे पाहून लोक पुढे जातात. म्हणून यंत्राचे वाक्य एका ओळीत आटोपून बाकीची जागा नवागताच्या शब्दांना द्यावी.

एक मर्यादा आधीच ध्यानात घ्यायला हवी. या पद्धतीत यंत्राला चॅनेलमधील प्रवेश कळतो, नोकरीतील प्रवेश कळत नाही. त्यामुळे जुना कर्मचारी त्या चॅनेलमध्ये आला तरी त्याचेही नवखा म्हणून स्वागत होते. केवळ नवागतांसाठी वेगळे चॅनेल ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

अशा संदेशाखाली हात हलवणाऱ्या इमोजींची रांग लागते, पण संवाद क्वचितच सुरू होतो. तेथे डोनटसारखे स्लॅकला जोडता येणारे अॅप पूरक ठरते, कारण ते चॅनेलमधील सदस्यांच्या ठरावीक काळाने जोड्या लावून त्यांना भेटीसाठी थेट संदेशात एकत्र आणते. वर्कफ्लो बिल्डर स्लॅकच्या सशुल्क योजनांतच मिळते. मोठ्या किंवा अनेक ठिकाणी विखुरलेल्या कार्यालयाने ते जरूर वापरावे, परंतु दहा-बारा जणांच्या टीमला केवळ एवढ्यासाठी खर्च करण्याची गरज नाही, कारण तेथे प्रमुखाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी अधिक आपुलकीने वाचल्या जातात.